पुण्याहून अंदमान: तिथी बघून आखायची सहल

अंदमानला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा पॅकेजची होते. पाच रात्री की सहा, नाश्ता धरून की वगळून. मी म्हणेन, ती चर्चा थोडी थांबवा आणि आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून अमावास्या-पौर्णिमा कधी पडतात ते बघा. तिथे काय दिसेल, किती वाजता दिसेल आणि बोट सुटेल की नाही, हे सगळं समुद्राच्या मर्जीवर असतं. तारखा त्याच्या कलाने घेतल्या तर त्याच खर्चात बरंच जास्त पदरात पडतं.

आधी नावांचा घोळ मिटवू. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर नवी नावं दिसू लागली आहेत, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनीच आहेत. कुटुंबातल्या सगळ्यांना दोन्ही सांगून ठेवा, म्हणजे धक्क्यावर गोंधळ होत नाही. खाली मी जुनीच वापरली आहेत.

या द्वीपसमूहात पाचशेहून जास्त बेटं आहेत, पण माणसांची वस्ती चाळिसाहून कमी बेटांवर आणि पर्यटकांचा वावर त्याहूनही मोजक्या ठिकाणी. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील यांसाठी भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही, आधार कार्ड पुरतं. निकोबारची बेटं पर्यटकांसाठी नाहीत, त्यामुळे 'अंदमान-निकोबार टूर' असं जाहिरातीत कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी तुम्ही बघणार फक्त अंदमान.

कधी जायचं

पुणेकरांच्या सुट्ट्या दोन, दिवाळी आणि मे. नेमक्या दोन्ही अंदमानला अडचणीच्या. या बेटांना पाऊस दोनदा गाठतो. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे येतात. 'मॉन्सून अंदमानात दाखल' ही बातमी आपण पुण्यात घामाघूम होऊन वाचतो, तेव्हा तिथे समुद्र खवळायला सुरुवात झालेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचाही तोच हंगाम. दिवाळीत गेलेल्यांना अगदी निरभ्र आठवडाही मिळतो, पण बोटी रद्द होऊन दोन दिवस हॉटेलात पत्ते कुटत बसण्याची शक्यताही तेवढीच धरून चालावं.

पाणी सगळ्यात नितळ आणि समुद्र शांत असतो तो साधारण जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत. शाळकरी मुलं नसतील तर डोळे मिटून फेब्रुवारी-मार्च. मुलं असतील तर परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये निघा. उकाडा असतो, पण तुम्ही अर्धा दिवस पाण्यातच असता. नाताळचा आठवडा मी टाळतो. हवा उत्तम असते, पण दर चढलेले आणि हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर आपलाच लक्ष्मी रोड.

महिना ठरला की तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोलवर जाणारी. नीलवरचा नैसर्गिक दगडी पूल आणि खडकांतली डबकी बघायची तर हेच दिवस चांगले. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार वरखाली होत नाही, ओढ कमी आणि गढूळपणाही कमी, त्यामुळे स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) यांसाठी ते दिवस बरे. तिसरी गोष्ट म्हणजे रात्री समुद्रात सूक्ष्म जीवांमुळे उमटणारा निळसर प्रकाश. तो बघायला काळोख हवा, म्हणजे अमावास्याच. सगळं एकाच आठवड्यात साधायचं तर कृष्ण अष्टमी-नवमीला हॅवलॉकला पोचा, तिथे तीन-चार रात्री राहा आणि अमावास्येच्या आसपास नीलला जा. काळोख्या रात्रीही मिळतात आणि मोठी ओहोटीही.

कोकणातली मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिथे लावू नका. पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे तक्ते वेगळे असतात आणि मोबाइलवर सहज मिळतात. मुक्कामाच्या तारखांचे तक्ते आधीच उतरवून ठेवा. ढोबळ हिशेब एवढाच की रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

अंदमान पुण्याच्या खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ एकच. परिणाम असा की तिथे सूर्य पुण्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्यास्त. 'दुपारी जरा आडवं होऊन चहा घेऊन निघू' हा आपला सुट्टीतला क्रम तिथे ठेवलात तर रोजचा सूर्यास्त हुकेल. पहाटे पाचला उठायचं, अकरापर्यंत मुख्य गोष्ट उरकायची, दुपारी जेवून थोडी विश्रांती, साडेतीनला पुन्हा किनाऱ्यावर, आणि रात्री नऊला झोप. ज्येष्ठांना हे आपोआप जमतं, कॉलेजच्या पोरांना दोन दिवस लागतात.

विमान आणि मुक्कामांचा क्रम

पुण्याहून पोर्ट ब्लेअरला जाताना बहुधा चेन्नई, बंगळुरू, कोलकाता किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि लोहगावहून पहिलं विमान उशिरा सुटलं, तर पुढचं तिकीट बुडतं आणि कुणी दाद घेत नाही. परतीला पोर्ट ब्लेअरहून सकाळचं किंवा दुपारचं विमान धरून चाला.

क्रम असा ठेवा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक तीन रात्री, नील दोन, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. या सात रात्री झाल्या. सहाच जमत असतील तर हॅवलॉकची एक कमी करा, नीलची नको. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवायची ती दोन कारणांसाठी. हवा बिघडून बोट रद्द झाली तर विमान हातचं जात नाही. दुसरं स्कूबाचं. पाण्याखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायच्या आत विमानाने वर गेलं तर जिवावर बेतू शकतं. स्कूबा आणि विमान यांत किमान अठरा तास हवेत. मी पूर्ण दिवस ठेवायला सांगतो. नीलहून सकाळी थेट विमानतळ गाठायला लावणारी आखणी कुणी पुढे केली, तर नम्रपणे परत द्या.

बोटीचं गणित

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी वातानुकूलित बोटीने दीड ते अडीच तास. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा कंपन्यांच्या बोटी चालतात. हॅवलॉक ते नील साधारण तास, नील ते पोर्ट ब्लेअर एक-दीड तास. तिकिटं विमानाबरोबरच काढा. हंगामात सकाळच्या बोटी आधी भरतात आणि सकाळीच समुद्र शांत असतो. धक्क्यावर ओळखपत्र, सामानाची तपासणी, वजनाची मर्यादा असा विमानतळासारखाच सोपस्कार असतो, तासभर आधी पोचा.

सरकारी बोटी स्वस्त पडतात, पण तिकिटं उशिरा खुली होतात आणि स्थानिकांना त्यांचीच गरज असते. तरीही जमलं तर एक टप्पा सरकारी बोटीने करा. खासगी बोटीत काचेआड खुर्चीत बसून राहावं लागतं, सरकारी बोटीच्या उघड्या डेकवर उभं राहता येतं. पाण्यातून निसटून वीस-तीस हात हवेत तरंगत जाणारे उडते मासे मुलांना दाखवायचे असतील तर डेकच हवा.

बोट लागण्याची सवय असणाऱ्यांनी उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी काही कामाची नाही. जागा शक्यतो मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे कमी बसतात.

पोर्ट ब्लेअर: सेल्युलर जेलला पुरेसा वेळ द्या

मराठी माणूस अंदमानला जातो तो बहुधा इथे येण्यासाठी, आणि बहुतेक टूर इथे तासभर देतात. निदान तीन तास काढा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या. प्रत्येकीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे कोठडीच्या गजांतून समोर दिसणार ती फक्त भिंत, दुसरा कैदी नव्हे. आज सातपैकी तीनच उरल्या आहेत. काही जपानी ताब्याच्या काळात, काही नंतर पाडल्या गेल्या, आणि त्या आवारात आता सरकारी रुग्णालय आहे. १९७९ मध्ये जेल राष्ट्रीय स्मारक झालं.

सातव्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर टोकाची कोठडी सावरकरांची. त्या दाराबाहेर आणखी एक लोखंडी दार आहे, इतर कोठड्यांना ते नाही. आत एका वेळी थोडीच माणसं मावतात. रांग पुढे ढकलत असते, म्हणून शक्य तर तिकीट खिडकी उघडताच आत शिरा आणि आधी थेट वर या. सात फूट रुंद, साडेतेरा फूट लांब खोली, झरोका हात पोचणार नाही इतका उंच. दारापाशी वाकून कडी बघा. ती भिंतीतल्या खाचेत बरीच पलीकडे आहे, आतून हात काढला तरी पोचत नाही. १९११ ते १९२१ सावरकर इथे होते. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. खाली अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, मांडून ठेवला आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं काम असे, आणि जुवाला माणूस. मुलांना ते यंत्र बघितल्यावर जास्त सांगावं लागत नाही. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरली आहेत, तीही वाचा. बंगालची यादी किती लांब आहे ते बघितल्यावर आपण शाळेत शिकलेला इतिहास किती अर्धा होता हे लक्षात येतं. जाण्यापूर्वी मुलांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली कुठे आहे तेवढं सांगून ठेवा. त्या खोलीपासून या कोठडीपर्यंतचा प्रवास त्यांना मग स्वतःच जोडता येतो.

संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम वेगळा, त्याचं तिकीट वेगळं. हंगामात ते संपतं, आधी काढा. हिंदी खेळात जेलची गोष्ट सांगणाऱ्या पिंपळाला बरीच वर्षं ओम पुरींचा आवाज होता.

रॉस बेट बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर. १९४२ पर्यंत इंग्रजांचा कारभार इथून चाले. आता चर्च, बेकरी, बंगले यांच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी असं कवळलं आहे की भिंत मुळांना धरून आहे की मुळं भिंतीला, ते कळत नाही. हरणं आणि मोर अंगावर येतात, त्यांना खायला घालू नका. इथे सकाळी या, दुपारी चढण जाणवते. शेजारच्या नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं) आणि काचेच्या तळाच्या बोटीसाठी आग्रह होतो. हॅवलॉक-नील करणार असाल तर मी ते वगळेन. तिथला दीपगृहाचा देखावा जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर होता, तो माउंट हॅरिएटवरून, म्हणजे आताच्या माउंट मणिपूरवरून, दिसतो.

शेवटच्या संध्याकाळी चिडिया टापू. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, वाटेत दाट जंगल. सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघा. पाऊस लागलाच तर मानववंशशास्त्र संग्रहालय किंवा चॅथमची लाकूड गिरणी. ही गिरणी १८८३ पासूनची आहे आणि पडौकचं तांबूस लाकूड तिथे बघायला मिळतं.

हॅवलॉक

इथे किनाऱ्यांना क्रमांक आहेत. राहायला पूर्वेकडचे तीन आणि पाच क्रमांकाचे किनारे सोयीचे, म्हणजे गोविंदनगर आणि विजयनगर. धक्का, बाजार, स्कूबावाले सगळं जवळ. फक्त एक लक्षात ठेवा: पूर्वेच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी फार दूर जातं. 'समुद्रदर्शनी खोली' घेऊन दुपारी पडदा उघडलात तर समोर चिखल आणि खडक दिसतील. सकाळी मात्र तिथेच खोलीतून सूर्योदय.

राधानगर, म्हणजे सात क्रमांक, बेटाच्या पश्चिमेला, धक्क्यापासून बारा किलोमीटर. मागे उंचच उंच झाडं, पुढे पांढरी मऊ वाळू, खडक नाहीत, त्यामुळे पोहायला उत्तम. २००४ मध्ये 'टाइम'ने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हा स्वच्छ किनाऱ्यांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. प्रवाळ बघायला इथे येऊ नका, इथे वाळूच आहे. पार्किंगजवळच्या गर्दीपासून उजवीकडे दहा मिनिटं चालत गेलात की किनारा जवळजवळ तुमचा. मात्र पाण्यात उतरायचं ते जीवरक्षकांच्या नजरेच्या टप्प्यातच. या बेटांच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पाट्या उगाच लावलेल्या नाहीत, आणि खाडीच्या मुखाशी किंवा संधिप्रकाशात पोहणं हा निव्वळ वेडेपणा.

प्रवाळासाठी एलिफंट बीच. धक्क्यावरून स्पीडबोटीने वीस-तीस मिनिटं. पहिल्या बोटीने जा, दहानंतर पाण्यात माणसांचे पायच पाय. पोहता न येणारेही लाइफ जॅकेट आणि रिंग धरून स्नॉर्कलिंग करतात. प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड दिसतो, पण असंख्य बारीक जीवांची ती वसाहत असते आणि पायाखाली मोडलेली फांदी वाढायला वर्षं लागतात.

स्कूबासाठी पोहता यावंच लागतं असं नाही. पहिल्या डाइव्हला प्रशिक्षक मागून धरून असतो. प्रमाणपत्र असलेली संस्था निवडा, एका प्रशिक्षकामागे एकच नवखा असेल का हे स्पष्ट विचारा आणि वैद्यकीय फॉर्म खरा भरा. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, साधी सर्दीसुद्धा लपवू नका. कानावर दाब जाणवायला लागला की दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच हवा सोडायची हे किनाऱ्यावरच नीट शिका, खाली बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. व्हिडिओसाठी आग्रह होईल, घ्या, पण पहिली पाच मिनिटं कॅमेऱ्याकडे न बघता खाली बघा.

फिरायला स्कूटर भाड्याने मिळते. पुणेकराला वेगळं शिकवायला नको, पण मूळ परवाना आणि हेल्मेट दोन्ही लागतात आणि राधानगरच्या रस्त्याला दिवे कमी. कालापत्थरला सूर्योदयाला जा, पंधरा-वीस मिनिटांत बघून होतं.

नील: इथे घाई नको

एका दिवसात 'करून' टाकण्याचं हे बेट नाही. सपाट, लहान, सायकलवर फिरावं असं. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी इथे शेती उभी केली, आणि अंदमानच्या बाजारात येणारी बरीच भाजी इथली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, केळी, नारळ, मधूनच एखादं तळं. कोकणात आल्यासारखं वाटतं, फक्त घराबाहेर गप्पा बंगालीत.

नैसर्गिक पूल लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावर आहे. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी पोचा. वाट मेलेल्या प्रवाळाच्या खडकावरून जाते, धारदार आणि निसरडी, त्यामुळे मागे पट्टा असलेले सँडल घाला, चपला नकोत. पुलाखाली उभं राहून फोटो काढून लोक परततात. खरी मजा त्याच्या आजूबाजूच्या डबक्यांत आहे. एखाद्या डबक्याशी दोन मिनिटं हालचाल न करता बसा. आधी काहीच दिसत नाही. मग काळपट काकडीसारखं वाटणारं काहीतरी हलकेच सरकतं, ती समुद्रकाकडी. शंख म्हणून दुर्लक्ष केलेल्या गोष्टीला पाय फुटतात, तो संन्यासी खेकडा. खडकात रुतलेल्या शिंपल्याची जांभळी-निळी कड सावली पडताच मिटते. स्थानिक वाटाडे थोड्या पैशांत हे सगळं शोधून दाखवतात, त्यांना सोबत घ्या, डोळा त्यांचा तयार असतो. हात मात्र कशालाच लावायचा नाही.

भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटी असतात. तिथे उलट भरती हवी. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला.

बाराटांगला जावं का

पोर्ट ब्लेअरच्या उत्तरेचं हे बेट बहुतेक पॅकेजांत असतं. पहाटे तीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा जमतो, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून पोलीस बंदोबस्तात प्रवास, पुढे फेरी, स्पीडबोटीने खारफुटीच्या बोगद्यातून जाऊन चुनखडीच्या गुहा. खारफुटीतला तो बोटीचा टप्पा देखणा आहे, गुहा ठीक, आणि 'चिखलाचा ज्वालामुखी' म्हणजे बुडबुडे येणारं चिखलाचं टेकाड. परत यायला संध्याकाळ.

माझं मत, वगळा. दगदग हे एक कारण. दुसरं असं की त्या रस्त्याचं आकर्षण अनेकांसाठी गुहा नसून 'आदिवासी दिसतील का' हे असतं. जारवांच्या राखीव क्षेत्रात गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हे सगळं गुन्हा आहे आणि त्याला कैद होऊ शकते. तरी काचेला नाक लावून बसलेले लोक प्रत्येक ताफ्यात असतातच. जायचंच असेल तर मोबाइल बॅगेत, काचा वर, आणि ड्रायव्हरला 'जरा हळू घे' म्हणू नका.

तो दिवस पोर्ट ब्लेअरजवळच्या वंदूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाला द्या. जॉली बॉय आणि रेड स्किन या दोन बेटांपैकी हंगामानुसार एकच उघडं असतं, प्रवाळाला विश्रांती मिळावी म्हणून. प्लॅस्टिकला पूर्ण मनाई, पाण्याच्या बाटलीवरही अनामत घेतात. साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून मगच ठरवा.

सामान, पैसे, पोट

२०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलं आहे, पण नीलवर यूपीआय ऐन बिलाच्या वेळी रुसतं. रोख पोर्ट ब्लेअरमध्येच काढून ठेवा. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, डासांचं मलम, कोरडी राहणारी पिशवी, रोजच्या औषधांचा दोन दिवस जादा साठा एवढं पुरे. ट्रॉली बॅग लहान घ्या, धक्क्यावर ती तुम्हालाच ओढायची आहे.

खाणं बंगाली आणि दक्षिणी वळणाचं. मासे खाणाऱ्यांची चैन. मासा निवडून द्या, भाव आणि वजन आधी विचारा. शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते. तरीही पहाटेच्या बोटींसाठी चिवडा-लाडूंचा डबा असू द्या, त्या वेळी धक्क्यावर बिस्किटांपलीकडे फारसं काही मिळत नाही.

आणि किनाऱ्यावरून काहीही उचलू नका. मेलेला प्रवाळसुद्धा. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा तपासताना तो यंत्रात दिसतो आणि विमान सुटायच्या वेळी तुम्ही मुलांच्या खिशातले तुकडे काढत बसता. शंख-शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या आणि बिल वस्तूबरोबरच हातातल्या बॅगेत ठेवा.